पाचव्या थरातली बांगडी

उत्खननातल्या चौथ्या ट्रेंचच्या (खणलेल्या चौकोनी चराच्या) सोळाव्या घमेल्यातून चाळणीवर बांगडीचा तुकडा राहिला. लांबी २.१ सेंमी, काळपट अंगावर पिवळ्या-हिरव्या काचेचे ठिपके. माती वरून पाचव्या थरातली, खापरं सगळी सातवाहनकालीन. अशा बहुरंगी बांगड्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत आणि नेवाशाला मिळाल्या त्या बहमनी काळाच्या सुमाराच्या थरांत. मधे हजारांहून जास्त वर्षं जातात.

मी ट्रेंचच्या उभ्या छेदावर पाणी मारायला लावलं. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती सुकली की सगळी एकसारखी राखाडी दिसते. ओली झाल्यावर नंतरच्या काळात खणलेल्या खड्ड्याची कड दिसली: दुसऱ्या थरातून सुटलेली, पाचव्यात उतरलेली, जेमतेम ३४ सेंमी रुंद. भरण, म्हणजे खड्ड्यात भरलेली माती, गडद आणि भुसभुशीत. अशी कड सकाळी तिरप्या उन्हात, पाणी शिंपडून, खुरपीने पृष्ठभाग तासून शोधायची असते. हंगाम संपत आला की हेच काम आधी सुटतं, कारण भेटीला येणारा प्रत्येक जण किती खोल गेलात एवढंच विचारतो.

एका बांगडीचं काही नव्हतं, तिची नोंद खड्ड्याच्या नावावर टाकता आली असती. पण त्याच घमेल्यात ४१ मणी होते.

ते मिळाले १ मिमीच्या जाळीवर पाण्यात चाळल्यामुळे. कोरड्या मातीला लावायच्या ५ मिमीच्या चाळणीतून सगळे राडारोड्यात गेले असते, कारण बहुतेक मणी २ ते ४ मिमीचे. दहापट भिंगाखाली अडतीस मण्यांत हवेचे लांबट बुडबुडे भोकाला समांतर दिसले. म्हणजे काचेची पोकळ नळी ओढून, तिचे तुकडे करून, राखेत पुन्हा तापवून कडा गोल केलेल्या. तारेभोवती काच गुंडाळून केलेल्या मण्यात बुडबुडे भोकाभोवती फिरतात. पद्धत कळते, काळ कळत नाही: ओढीव मणी इसवीसनाआधीपासून होत आले आणि आंध्रातल्या पापनायडूपेटात गेल्या शतकातही होत होते. त्यांचं वय ठरवायला थरच लागतो, आणि थर आम्ही त्या घमेल्यात कालवून टाकला होता.

उरलेले तीन मणी सोन्याच्या वर्खाचे. आत काच, तिच्यावर वर्ख, वर पुन्हा काचेचं पातळ आवरण. मातीतल्या ओलाव्याने काचेतले क्षार निघून जातात आणि आवरणाचे पापुद्रे सुटतात. मोरपंखी झाक मारणारा तो पापुद्रा मळ नव्हे, काचच आहे. एकावर कुणीतरी खापरं धुण्याचा नायलॉनचा ब्रश फिरवला होता. एका बाजूला आवरणासकट वर्ख गेला. काचेला ब्रश लावू नये, उन्हात वाळवू नये. सावलीत, बिनआम्ल कागदात, हळूहळू सुकवावी. हे दर हंगामात सांगावं लागतं आणि धुणाऱ्या टोळीपर्यंत पोचतच नाही.

हे तीन मणी सातवाहन थरातले असते तर या टेकाडाच्या व्यापाराबद्दल बरंच बोलता आलं असतं. मजुरांशी बोललो. चौदाव्या-पंधराव्या घमेल्यांत बांगडी नव्हती, मणी होते, पण ती दोन्ही खड्ड्याच्या कडेपासून किती दूरची, हे कुणाला सांगता येईना. चिठ्ठीवर फक्त थर आणि खोली. घमेल्याची चौकटीतली जागा लिहायला अर्धा मिनिट लागतो.

रजिस्टरात ४१ मणी आणि बांगडी एकाच नोंदीत गेली: ‘थर ५, खड्ड्याची भेसळ’. खड्ड्याचा उरलेला भाग बाल्कमध्ये, म्हणजे ट्रेंचच्या कडेला न खणता ठेवलेल्या मातीच्या भिंतीत, आहे. बाल्क पुढच्या हंगामात, आधी भरण वेगळं काढून, खणायचा आहे.