प्रार्थनेने काळजी जाते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बेळगावातले माझे स्नेही, विशेषतः ख्रिस्ती नसलेले, वरचेवर विचारतात, की प्रार्थना केल्यावर तुमची काळजी खरोखर जाते, की ती मनाची समजूत असते?

काळजीचे कारण बहुधा जात नाही. खानापूर तालुक्यात आमचे थोडे भाताचे शेत आहे. कापलेले भात शिवारात पसरलेले असताना आभाळ भरून आले, की मी प्रार्थना करतो आणि तरीही कधी कधी पाऊस पडतोच; प्रार्थना ऐकून गवे जंगलात परतल्याचेही मी पाहिलेले नाही.

बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, आपली सारी चिंता देवावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो, अशा अर्थाचे वचन आहे. त्यातील ‘टाका’ या शब्दामागचे मूळ ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येते: लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात, शिष्य आपली वस्त्रे शिंगरावर टाकतात तेथे. हे समजल्यापासून माझी प्रार्थना बदलली, कारण अंगावरचे वस्त्र दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचे तर आपण काय पांघरले आहे हे आधी पाहावे लागते. पूर्वी मी ‘प्रभू, सारे नीट कर’ असे ढोबळ मागत असे आणि गुडघ्यांवरून उठताना काळजीही माझ्याबरोबर उठत असे.

काही वर्षांपूर्वी शेताच्या कागदांबाबत कन्नडमधून एक नोटीस आली. मला बाजारापुरते कन्नड बोलता येते, पण कचेरीचे कन्नड वाचता येत नाही. त्या रात्री नोटीस समोर ठेवून प्रार्थनेला बसलो आणि भीतीचे नाव शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले, की मला जमिनीपेक्षा भावाशी होणाऱ्या वादाची धास्ती होती, आणि आयुष्य येथे काढूनही कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो याची लाजही. त्या दोन्ही गोष्टी मी देवबापाला स्पष्ट सांगितल्या. झोप लागली. तिसऱ्या रात्री मात्र तेच पांघरूण पुन्हा माझ्या अंगावर होते, म्हणून पुन्हा टाकले. एकदा सोपवले की कायमचे सुटते, असे सांगणाऱ्यांची साक्ष मला फारशी पटत नाही. रविवारी मंडळीतील एका वृद्ध बाईंनी माझ्यासाठी कन्नडमध्ये प्रार्थना केली, आणि ती मला नोटिशीपेक्षा कितीतरी अधिक समजली.

वाटणीच्या वेळी आमच्याकडूनच एक सही राहिली होती. ती दुरुस्त व्हायला आठ महिने गेले. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या भागातल्या माणसाने आठ महिन्यांची तक्रार करू नये, हे खरे; पण त्या काळात मी भावाला स्वतःहून फोन केला, आणि शेजारच्या कन्नड शिक्षकांकडे कागद घेऊन जाताना मला लाज वाटली नाही.