मास्तरांची चित्रं दाखल करून घेताना

गिरणा नदीच्या बाजूला, तालुक्याच्या गावी आमचं छोटं कलासंग्रहालय आहे. ट्रस्टचं. दोन दालनं, एक कोठार, एक ऑफिस. मी तिथे अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर आहे. पदनाम भारदस्त असलं तरी त्यात शाळांच्या सहली, वीजबिल, तिकिटांचा हिशेब आणि टाकी भरली की मोटार बंद करणं हे सगळं येतं. सोबतीला आप्पा आहेत, कागदोपत्री शिपाई. कुठल्या चौकटीमागे पाल राहते इथपर्यंत संग्रहाची माहिती त्यांच्याइतकी कुणाला नाही. शनिवार-रविवारी फाइन आर्टला शिकणारी एक मुलगी मदतीला येते.

लोकांना वाटतं, कुणी चित्र दिलं की खिळा ठोकला आणि लावलं. आमच्याकडे एका ड्रॉइंग मास्तरांचा सगळा पसारा आला. तो माळ्यावरून दालनाच्या भिंतीपर्यंत यायला उन्हाळा गेला, पावसाळा गेला आणि दिवाळी तोंडावर आली. त्यातला खिळ्याचा भाग अगदी शेवटचा आणि सगळ्यात सोपा.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावातल्या निम्म्या लोकांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला त्यांनीच बसवलेलं. घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा धाकटा मुलगा ऑफिसात आला आणि म्हणाला, "दादा, माळ्यावर वडिलांचं बरंच आहे. तुम्ही नेलं नाही तर भंगारात जाईल." असल्या निरोपात थोडी धमकीही असते. घरचे घाईत असतात आणि आपण नाही म्हणायला घाबरतो. मी एवढंच म्हटलं, "आधी बघू द्या. आणि तोवर काही पुसू नका, धुऊ नका."

माळ्यावर काय नव्हतं? जलरंगातली निसर्गचित्रं, गावच्या मंडळींची तैलरंगातली व्यक्तिचित्रं, शाळेच्या गॅदरिंगसाठी रंगवलेला राजवाड्याचा भला मोठा पडदा, रंगाच्या वाळलेल्या नळ्या, आणि पत्र्याच्या ट्रंकेत अजिंठ्याच्या नकला. शिवाय शाली, सन्मानचिन्हं, मास्तरांचा चष्मा, काठी आणि खाट. मुलाचं म्हणणं, सगळं घ्या, वडिलांची एक खोलीच करा.

ही मागणी वेडगळ नव्हे. चाळीसगावला केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर बघून आलेल्या कुणालाही असंच वाटेल. टेबलटॉप छायाचित्रणात, म्हणजे टेबलावर छोटे देखावे मांडून फोटो काढण्यात नाव काढलेला तो माणूस स्टेशनजवळच्या ज्या घरात राहिला, त्याच घरात आज त्यांचा संग्रह बघायला मिळतो आणि वस्तूंच्या बरोबर घरही बोलतं. पण मास्तरांचं घर पाडायचं होतं आणि आमच्याकडे खोली नव्हती. विश्वस्तांच्या बैठकीत मी यादी ठेवली: चित्रं घ्यायची, पडदा घ्यायचा, रंगपेटी आणि चष्मा घ्यायचा, खाट, शाली, सन्मानचिन्हं नाही. त्यावर चर्चा तापली. एक जण म्हणाले, "खाट नाकारली तर घरच्यांना वाईट वाटेल." वाटलंच. पण घेतलेली वस्तू ट्रस्ट असेपर्यंत सांभाळायची असते, आणि आमचं कोठार तेव्हाच दारापर्यंत भरलेलं होतं. खाट घेऊन तिच्याखाली चित्रं रचायची, हा प्रकार मी दुसरीकडे पाहिलेला आहे. ठराव झाला, खाट घरीच राहिली.

मग कागद. जंगम वस्तूचं दान ती हातात दिली की पुरं होतं, नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच तशी सोय आहे. पण एका भावाने दिलं आणि वीस वर्षांनी दुसऱ्याच्या मुलाने "आमच्या आजोबांची चित्रं परत करा" म्हटलं, तर संग्रहालयाने काय दाखवायचं? म्हणून आमचा नियम असा की सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय वस्तू दाखल होत नाही. मास्तरांना दोन मुलगे, तीन मुली. एक मुलगी सुरतेला, एक शहाद्याकडे, एक नाशकात. पाचही जण एका दिवशी एका घरात कधी भेटणार? याचं उत्तर खानदेशात एकच: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आणि आमरस-पुरणपोळीनंतर कुणी कुठे पळून जात नाही. मी दुपारी तीनला, जेवणं उरकल्यावर, दानपत्र घेऊन गेलो.

चौघांनी सह्या केल्या. सुरतेहून तापी लाइनच्या गाडीने आलेल्या थोरल्या अक्का मात्र यादी हातात घेऊन बसल्या. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तो मन्ही मायना फोटू शे." मास्तरांनी काढलेलं बायकोचं व्यक्तिचित्र होतं ते, चुलीजवळ बसलेली, तोंडावर जाळाचा उजेड. सगळ्या संग्रहातलं सर्वांत चांगलं काम, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भाऊ म्हणाले, "अक्का, तिथे दहा लोक बघतील." अक्का काही बोलल्या नाहीत. मी ती ओळ पेनाने काटली, शेजारी सगळ्यांच्या लघुस्वाक्षऱ्या घेतल्या, आणि एवढंच मागितलं की चित्राचा फोटो आणि मापं आमच्याकडे राहू द्या. अक्कांनी मग सही केली आणि वर पन्हं पाजलं.

दुसरा कागद त्याच बैठकीत उरकला, तो प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा. चित्र आपल्याकडे आलं म्हणजे ते छापायचा हक्क आला, असं बहुतेक देणगीदारांना वाटतं आणि काही संग्रहालयांनाही. तसं नसतं. १९५७च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं प्रताधिकार वारसांकडे राहतो. पोस्टकार्ड छापायचं झालं तरी वेगळी लेखी परवानगी लागते. ती आम्ही घेतली, मास्तरांचं नाव प्रत्येक वेळी छापायचं या अटीवर. १९७२चा पुरावस्तू कायदा मात्र शंभर वर्षांच्या पुढच्या चित्रांना लागतो. मास्तरांचं काम त्यात बसत नव्हतं, म्हणून नोंदणीची ती एक फेरी वाचली.

सामान टेम्पोने आलं ते थेट कोठारात गेलं नाही. मागची रिकामी खोली आम्ही विलगीकरणासाठी ठेवतो. नवीन आलेल्यात वाळवी किंवा भुंगा असला तर जुनाही संग्रह खाऊन टाकेल. प्रत्येक चौकटीखाली पांढरा कागद अंथरला आणि वाट पाहिली. रोज सकाळी आप्पा कागद तपासत: बारीक पिवळसर भुसा पडला म्हणजे आत किडा जिवंत आहे. तीन चौकटींखाली पडला. चित्रं काढून घेतली, रिकाम्या चौकटी सुती कापडात गुंडाळून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्या आणि मे महिन्यात स्लॅबवर ठेवल्या. पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर काही तास गेले की किडा आणि अंडी दोन्ही मरतात, आणि आपल्याकडे पंचेचाळीसच्या उन्हात काळ्या पिशवीच्या आत ते तापमान फुकट मिळतं. चित्रांवर हा प्रयोग कधीच नाही. फक्त लाकडावर.

ऊन इथेच काय ते कामाचं. एरवी कोठाराचा सगळा झगडा हवेशी असतो. मेमध्ये दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, ऑगस्टमध्ये ऐंशीच्या पुढे. कागद आणि कॅनव्हास कोरड्यात आकसतात, ओल्यात फुगतात, आणि वरचा रंग तेवढा ताणला जात नाही, तो तडकतो. उत्तम आकडा पन्नासच्या आगेमागे सांगतात. तो आम्हाला परवडणारा नाही. म्हणून निदान बदल हळू व्हावा एवढंच बघतो: लोखंडी कपाटं, आत ओल शोषणारं सिलिका जेल, खिडक्यांना जाड पडदे, आणि कूलर नाही. या कूलरवरून दर उन्हाळ्यात भांडण होतं. ऑफिसात कूलर लावला की त्याची ओली हवा पॅसेजमधून कोठारात शिरते. ऑफिसचं दार लावून बसा म्हटलं तर कूलरची हवा लागत नाही. विश्वस्तांपैकी एकांनी मला विचारलं होतं, माणसं मेली तर चित्रं कोण सांभाळेल? प्रश्न रास्त आहे. आम्ही पंख्यावर भागवतो आणि दुपारी एक ते चार कोठार उघडतच नाही.

पडद्याची गंमत वेगळी. मांजरपाटावर रंगवलेला, भिंतभर मोठा. घडी घातली की घडीवर रंग सुटतो, म्हणून तो जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचा असतो. जळगाव जिल्ह्यात नळीला काय तोटा? एका हितचिंतकाने आठ इंची पीव्हीसी पाइप फुकट पाठवला, वर फोन करून विचारलं, अजून देऊ का? पाइपच्या जिल्ह्यात पाइप नाकारायचा म्हणजे अवघड काम. पण पीव्हीसीतून वर्षानुवर्षं सूक्ष्म आम्ल सुटत राहतं आणि ते कापडाला खातं. शेवटी फ्लेक्स छापणाऱ्याकडून पुठ्ठ्याची रिकामी नळी आणली, तीवर पॉलिएस्टरची फिल्म आणि त्यावर चार-पाच वेळा धुऊन खळ काढलेलं मांजरपाट. तो पाइप आता बागेला पाणी देतो. हितचिंतकांना तसंच सांगितलं, ते हसले.

नोंदणीचं काम पावसाळ्यात केलं, कारण तेव्हा पर्यटक कमी. प्रत्येक चित्राला क्रमांक: वर्ष, मग त्या वर्षातली देणगी कितवी, मग त्यातली वस्तू कितवी. कागदावरच्या चित्राला मागे खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने. बॉलपेनची शाई पुढे उमटते. उंची आधी, मग रुंदी. पुढचा फोटो, मागचा फोटो. मागची बाजू पाहिल्याशिवाय नोंद पुरी करायची नाही, हे मी नवीन मुलीला पहिल्या दिवशी सांगितलं आणि तिने आठवड्याभरात मलाच शिकवलं. व्यक्तिचित्रांच्या चौकटींना मागून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. मी ते आम्लाचं घर म्हणून काढायला निघालो होतो. ती म्हणाली, "सर, तारीख." चित्रांवर सही होती, साल नव्हतं, पण चौकट कधी बसवली ते त्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर छापलेलं होतं. तुकडे फोटो काढून, सोडवून, वेगळ्या पाकिटात ठेवले आणि त्यांनाही क्रमांक दिले.

अजिंठ्याच्या नकलांच्या मागे तर मास्तरांनी स्वतःच लिहून ठेवलेलं: लेण्याचा क्रमांक, तारीख, उजेड कुठून होता, आणि "पी.जे.ने पहूर, पुढे पायी व बैलगाडी". पाचोरा-जामनेर नॅरोगेजवर पहूरला उतरून लोक लेण्यांकडे जायचे. या नकलांचं मोल कमी समजू नये. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८४४ सालापासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून पुन्हा केल्या, त्यातल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. गिल शेवटी भुसावळच्या दफनभूमीत पडून आहे. तेव्हापासून भिंतीवरचा रंग झडतच गेला, त्यामुळे एखाद्या दिवशी, एखाद्या उजेडात तिथे काय दिसत होतं हे लिहून ठेवणारा माणूस, मग तो शाळामास्तर का असेना, आज साक्षीदार ठरतो. मास्तरांनी गळालेला भाग मनाने भरलेला नाही, रिकामाच सोडलाय. आमच्या बैठकीत काहींना त्या नकला "अर्धवट" वाटल्या. मला तिथेच मास्तर मोठे वाटले.

भिंतीवर लावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे दीडशे सेंटिमीटरवर, दोऱ्याने रेघ आखून. जलरंगांवर पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको, म्हणून दालन मंद. पहिल्याच दिवशी तक्रार आली, "लाइट गेली का?" आता दारात पाटी आहे. मास्तरांचे जुने विद्यार्थी आले, ते चित्रांपेक्षा व्यक्तिचित्रांतल्या माणसांसमोरच जास्त उभे राहिले. "हा तर रेशनवाला!" "या आमच्या दाई!" मुलगी वही घेऊन मागे मागे फिरत होती. नोंदवहीत "अनोळखी पुरुष, फेटा" म्हणून लिहिलेल्या बऱ्याच जणांना त्या दिवसांत नावं मिळाली, अर्थात दोघांनी वेगवेगळी सांगितली तर दोन्ही लिहिली, सांगणाऱ्यासकट.

तेव्हापासून आठवड्यात एखादा तरी फोन येतो, आमच्याही घरी आहे म्हणून. मी प्रत्येकाला तेच सांगतो: चित्र ओल्या भिंतीवरून उतरवा, मागचे कागद फाडू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, व्हार्निश मारू नका, आणि चित्रात कोण आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवा. परवा पारोळ्याकडचे एक नाना मोटारसायकलवर आजोबांचं पेन्सिलचित्र घेऊन आले. काळजी घेतलीय, म्हणाले, काही होऊ दिलं नाही. पिशवीतून काढलं तर दोन्ही बाजूंनी कडक लॅमिनेशन. "आता पाणी पडलं तरी चालेल," नाना म्हणाले. मी त्यांना बसवलं, आप्पांना चहा सांगितला, आणि नोंदवही उघडून "स्थिती" या रकान्यापाशी जरा वेळ थांबलो.