डांबरगोळीचा मोगरा

मे महिन्याची दुपार. ठाण्यात राम मारुती रोडवरच्या आमच्या परफ्यूमच्या दुकानात या दिवसांत निम्मी माणसं नुसत्या एसीसाठी शिरतात. काकू मात्र थेट काउंटरशी आल्या. "मोगरा आहे? खराखुरा?"

सहा हजारांची बाटली काढली, कागदी पट्टीवर एक फवारा मारला. काकूंनी पट्टी नाकाशी नेली आणि डोळेच मिटले. "आई वेणीत माळायची ना, अगदी तस्सा." लगेच पर्समधून कार्ड निघालं. महिनाअखेर, टार्गेट अपुरं, गप्प बसायला हवं होतं. पण नऊ वर्षांची सवय. बोलून गेले, "काकू, कागदाला भुलू नका. मनगटावर लावा, चोळू नका, नि तलावपाळीला एक फेरी मारून या."

सरांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही.

कागदाला ना ऊब, ना तेल. कातडीला दोन्ही असतं, वर घाम. पहिला लिंबू-संत्र्याचा तजेला पंधरा-वीस मिनिटांत उडतो, मग खाली काय आहे ते कळतं.

पाऊण तासाने काकू परतल्या. हात पुढे केला. "हे काय गं? ट्रंकेतल्या साड्यांचा वास!"

मी हुंगलं. गोडसर, पण डांबरगोळीच.

आता यात लबाडी कुणाचीच नाही. मोगऱ्यात मुळातच इंडोल नावाचं द्रव्य असतं. चिमूटभर असेल तर फूल, वाढलं की डांबरगोळी, आणि त्याच्याही पुढे गेलं तर ज्याचा वास येतो ते काउंटरवर बोलायचं नसतं. म्हणून परफ्यूम बनवणारे बरेच जण इंडोलला हात आखडून हेडिओन या मोगऱ्याच्या जातीच्या वासाच्या कृत्रिम द्रव्यावर भर देतात. ते हलकं, स्वच्छ, कुणाला न टोचणारं. १९६६च्या 'ओ सोवाज' या परफ्यूमपासून त्याचा बोलबाला. या बाटलीत मात्र इंडोल सढळ हाताने पडलं होतं, आणि काकूंच्या तापलेल्या मनगटावर तेवढंच पुढे आलं.

हे सगळं मी सांगितलं. काकूंना पटेना. "खऱ्या मोगऱ्याला असला वास? काहीतरीच!" पिशवीतून त्यांनी पानात बांधलेला गजरा काढला, येताना जांभळी नाक्यावर घेतलेला. एकदा गजरा, एकदा मनगट, आलटून पालटून हुंगत राहिल्या. चेहरा असा पडला होता, जणू आईनेच फसवलं. शेवटी कार्ड पर्समध्ये गेलं आणि गजरा माझ्या हातात आला. "तूच माळ. मला आता त्यातही तेच येतंय की काय असं वाटायला लागलंय."

सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. गजरा काचेवर तसाच पडून होता.

रात्री साडेनऊला शटर ओढायच्या आधी उचलला. पाकळ्या कडेने तपकिरी पडलेल्या. हुंगला, आणि काही न बोलता सरांच्या नाकाशी धरला.

"कपाटात गोळ्या ठेवल्यात का कुणी?" सर म्हणाले.