धंद्याले डेअरिंग लागते म्हणे

आमच्याकडे धंद्याचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं, 'त्याले डेअरिंग लागते बाप्पा', म्हणजे नोकरीमागं लागणारी आमची पोरं भित्री. मी दारव्ह्याकडे कॉलेजच्या पोरांना शिकवतो, अन मला हे काही पटत नाही. मॅकक्लेलँड नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं रिंग फेकायचा खेळ लावला, जत्रेत असते तसाच, फक्त कुठून फेकायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. तर ज्यांना काहीतरी करून दाखवायची ओढ जास्त, ते ना खुंटीला चिकटून उभे राहिले ना लय दूर, मधातच, जिथून जमते पण नीट नेम धरला तरच जमते. म्हणजे जुगारी वेगळा अन धंदेवाला वेगळा.

अन रिस्कच म्हणाल तर आमच्या पोट्ट्यांनी घरात काय कमी पाहिली? जूनमधे सरकी लावली, पाऊस गायब, दुबार पेरणी, मग बोंडअळी, अन एवढं करून कापूस घरी आला तर भाव पडलेला, यात बापाच्या हातात होतं काय? जे घडते ते आपल्या करण्यानं की नशिबानं, माणूस यातलं काय मानतो त्याला रॉटर नावाच्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं 1966 मधे मोजपट्टी लावली, लोकस ऑफ कंट्रोल म्हणतात. आपल्या करण्यानं घडते असं मानणारे धंद्याकडे जास्त वळतात. मग पोरगं पहाटे उठून पोलीस भरतीचे 1600 मीटर पळते तर त्याला भित्रा काहून म्हणायचं? टायमिंग कमी करणं तरी त्याच्या हातात आहे ना!

दुसरं म्हणजे बँडुरा, हाही मानसशास्त्रज्ञच, त्यानं 1977 मधे सांगितलं, 'मला जमते' हा भरोसा सगळ्यात जास्त स्वतः काही जमवल्यावर येतो, मग आपल्यासारख्याच कोणाला जमलेलं पाहून. आमच्या पोरांनी पाहिले गुरुजी, तलाठी, बँकवाले. कृषी केंद्राचा मालकही रोज दिसते, पण तो पोराले बापाच्या उधारीच्या वहीमुळे माहीत, त्याच्यासारखं व्हावं कोणाले वाटन?

वर्गातल्या एका पोरीनं मागच्या तान्ह्या पोळ्याला मातीचे बैल रंगवून विकले. वर्गात कधी तोंड उघडत नाही. यंदा दुप्पट करशील का विचारलं तर म्हणे, "नाई सर, मोठे बैल उरले होते, लहानच वाढवतो, अन रंगाचे पैसे आधी बुकिंगवाल्यायकडूनच घेतो."