बुरुजावरचा उंबर: पावसाळ्यानंतरच्या कामाची नोंद

पश्चिमेच्या बुरुजावरचं गवत वाळलंय, त्यामुळे दगडांमधले सांधे आता स्वच्छ दिसतात. माथ्यावर पिंपळाची रोपं, मधल्या थरात मनगटाएवढा उंबर आणि तळाला जुना वड. तिघांवरचा इलाज वेगळा आहे.

1818 नंतर बहुतेक गडांवरचा राबता संपला, तशी दरवर्षीची डागडुजीही संपली. उघड्या पडलेल्या सांध्यांत बुलबुल, तांबट, वटवाघळं यांच्या विष्ठेतून वड-पिंपळाचं बी येऊन पडतं. चुना ओल धरतो, बी रुजायला तेवढं पुरतं. मूळ जाड होत जातं तसा दगड बाहेर सरकतो, फटीतून पाणी आत शिरतं, आतली भर वाहून जाते आणि तटाला पोट येतं, म्हणजे भिंत बाहेर फुगते.

बोटाएवढी रोपं भाद्रपद-आश्विनात, सांधा ओला असतानाच काढायची. तेव्हा ती मुळासकट येतात. नुसती कोयत्याने छाटली तर जोमाने फुटतात. हात घालण्याआधी काठीने सांधा ठोकून बघा, साप असतातच.

उंबर मात्र ओढायचा नाही, त्याच्याबरोबर दगड येतो. आधी फांद्या दोर बांधून वरून खाली उतरवायच्या, मग खोड तटालगत करवतीने कापायचं. कापाच्या तोंडाला चीक येतो. तो फडक्याने पुसून लगेच, पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञाने सांगितलेलं तणनाशक ब्रशने सालीलगतच्या ओल्या कडेला लावायचं. जिवंत भाग तोच, मधलं लाकूड भिजवून काही साधत नाही. उशीर झाला तर काप सुकतो आणि औषध मुळापर्यंत उतरत नाही. पावसाची शक्यता असेल किंवा खाली पाण्याचं टाकं असेल तर हे काम करूच नये. ॲसिड ओतण्याचा सल्ला अजून फिरतोय, तो कृपया थांबवा: ॲसिडने चुनाच विरघळतो. मिठाचे क्षार दगडात शिरून खपल्या काढतात आणि खोड जाळलं तर बेसाल्ट तडकतो.

मेलेलं मूळ आतच राहू द्यायचं. ते कुजलं की पोकळी होते, म्हणून पुढच्या पावसाळ्यांनंतर तिथे चुन्याची पातळ रबडी खालून वर भरत जावी लागते. जोर लावून भरली तर सैल दगड बाहेर येतात.

वडाला हात लावलेला नाही. त्याच्या मुळांनीच चार थर एकत्र धरलेत. तो कापला आणि मुळं कुजली तर बुरुजाचा तो कोपरा खाली येईल. तड्यावर चुन्याने काचेच्या अरुंद पट्ट्या चिकटवल्यात. पट्टी तडकली म्हणजे भिंत हलतेय, मग संवर्धन अभियंत्याला बोलवायचं. फक्त भिंतीपासून सुटलेल्या, वजन वाढवणाऱ्या फांद्या हलक्या केल्यात.

दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरताना सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल मोकळा करायचा, पाणी मारायचं, रुंद फटीत दगडाच्या चिपा बसवायच्या आणि मुरवलेला चुना, सुरकी (विटांची भुकटी), वाळू यांचा मसाला थापीने दाबायचा. आमचं माप 1:1:2, पण जुन्या मसाल्याचा नमुना तपासून ते ठरवावं. वर ओलं गोणपाट हवंच, उन्हात भराभर सुकलेला चुना भुगा होतो. सिमेंट नको: ते ओल बाहेर सोडत नाही, मग ओल दगडातूनच वाट काढते.

माथ्यावरची पाणी जायची तोंडं मातीने बुजली होती. ती मोकळी केली नाहीत तर वरचं सगळं काम वाया जातं, कारण साचलेल्या पाण्यावरच पुढची रोपं वाढतात.

दगडफूल आणि शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नका, दगडाचा वरचा थर जातो. माचीवरची सोनकी, तेरडा, कारवी तशीच राहू द्या. त्यांचा तटाला धोका नाही आणि उतारावरची माती त्यांनीच धरलीय. घाणेरी मात्र फळं धरण्याआधी मुळासकट काढा.

गड केंद्र संरक्षित असो वा राज्य संरक्षित, लेखी परवानगीशिवाय दगड किंवा झाड काहीच हलवायचं नाही, आणि वनजमीन असेल तर वन विभागाचीही परवानगी लागते. उरलेल्या दरजा उन्हाळा तापण्याआधी भरायच्या, काचपट्ट्या ज्येष्ठात पहिल्या मोठ्या सरीनंतर तपासायच्या.