‘दुसऱ्या’मधला ऱ

शुक्रवार, रात्र

लॅपटॉपने आज पुन्हा तोच निरोप दिला: या यंत्रावर विंडोज ११ चालणार नाही. माझा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा, आणि मायक्रोसॉफ्टची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी एखादा अपवाद सोडला तर आठवीपासून सुरू होते. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नाव नोंदवलं तर सुरक्षेची अपडेट्स पुढे मिळतात, पण तीही ऑक्टोबर २०२६पर्यंतच. यंत्र धडधाकट आहे, बॅटरी नुकती बदललेली, आणि त्याला म्हणायचं काय, तर तुझं वय झालं.

भाचीला फोन केला. ‘मावशी, लिनक्स मिंट टाक ना. तुला फरकसुद्धा कळायचा नाही.’ मिंट म्हणजे विंडोजच्या जागी बसवायची मोफत प्रणाली. तिला म्हणायला काय जातंय! तिचं सगळं काम ब्राउझरमध्ये. माझी वीस वर्षं या डबड्यात आहेत. ‘बरं, मग यादी कर,’ ती म्हणाली, ‘रोज नक्की काय काय उघडतेस त्याची.’

यादी लांबणार म्हणून वहीचं अख्खं पान घेतलं. सात ओळींत संपली. ब्राउझर, मेल, वर्ड, पीडीएफ, फोटो, गाणी, आणि जुन्या फॉन्टमधल्या फायली. पहिल्या सहांची सोय तिकडे आहे. वर्डच्या जागी लिब्रेऑफिस, एवढाच बदल. सातव्या ओळीशी अडले.

शनिवार

मिंटची तीनेक जीबीची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर चढवली. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेन्यू लागतो, त्याची कळ सापडेपर्यंत अर्धा तास गेला. पेनड्राइव्हवरून चालवलं तर आतल्या डिस्कला हात लागत नाही, हे वाचलेलं होतं. तरी ‘इन्स्टॉल’च्या चिन्हाजवळून माउस नेताना मी दबकतच होते.

वायफाय सापडलं. आवाज आला. प्रिंटर तर आपणहून यादीत येऊन बसला, ड्रायव्हरबिव्हर काही नाही. बोटाच्या ठशाने लॅपटॉप उघडायची सोय मात्र चालली नाही. चालेल, पासवर्ड टाकीन.

मग माझी खरी परीक्षा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट, म्हणजे माझ्या सवयीची मराठी कळांची मांडणी, होती. ‘दुसऱ्या’ टाइप केलं: ओ, जी, एम, शिफ्ट दाबून जे, डी, स्लॅश, ई. बोटांनी जिथे शोधलं तिथेच सगळं मिळालं, आणि र ची ती छोटी कोयरी नेमकी य ला चिकटून उमटली. ज्या संगणकाला ‘दुसऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला फरक कळत नाही, त्याच्यावर मी मराठी लिहीत नसते. हा पास.

शेवटी २००४ सालची फाइल उघडली. पडदाभर रोमन अक्षरं, कंस आणि टोप्या घातलेले स्वर. ते अपेक्षितच होतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी पद्धत. तिच्या आधीच्या या फॉन्टमध्ये फाइलीत देवनागरी नसतेच. असतात रोमन अक्षरांचे संकेतांक, आणि फॉन्ट त्या जागी अर्धा श, काना, रफार असे तुकडे चितारून दाखवतो. फॉन्टची फाइल नेऊन टाकली तर लिनक्सवरही मजकूर दिसतो. टाकून पाहिली, दिसला. पण त्यात एक शब्द बदलायचा तर सोबतचा टायपिंगचा प्रोग्राम हवा, आणि तो फक्त विंडोजवर चालतो.

म्हणजे मला धरून ठेवलंय ते विंडोजने नाही, या फायलींनी. उद्या नवा लॅपटॉप घेतला आणि यातली एक फाइल कुणाला पाठवली, तरी त्याला हेच कडबोळं दिसणार.

रविवार

सकाळी विंडोज उघडलं तर घड्याळ साडेपाच तास मागे. छातीत धस्स झालं. काय बिघडवून ठेवलं मी? भाची खो खो हसली. आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक. कालच्या फेरीत लिनक्सने ते आपल्या रीतीने लावून ठेवलं, दोष कुणाचाच नाही. दोन्ही एकत्र नांदवायची तर एका आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावता येतं.

दोन्ही शेजारी ठेवायचा मोह आहेच. पण मी मला ओळखते. सवयीने हात जुन्याकडेच जाणार आणि सहा महिन्यांनी लिनक्सच्या खोलीत जाळी लागलेली असतील. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करायला हवं, नाहीतर ते अर्धवट झोपेतच राहतं आणि त्याच्या भागातल्या फायली लिनक्सला नुसत्या वाचता येतात. नको. बदलायचं तर पुरतं.

मुक्त सॉफ्टवेअरवाले चार स्वातंत्र्यं सांगतात, तीही शून्यापासून मोजून. प्रोग्राम वाचायचं, बदलायचं स्वातंत्र्य. मला कोड वाचता येत नाही, म्हणून ते कधी माझं वाटलं नव्हतं. काल लिब्रेऑफिसच्या ओडीटी फाइलीचं नाव बदलून शेवट झिप केला आणि उघडून पाहिली. आत साध्या मजकुराच्या फायली, त्यात माझी वाक्यं, चक्क वाचता येणारी. बराच वेळ बघत बसले.

गुरुवार

जुन्या फॉन्टमधल्या फायली २१४. त्या युनिकोडमध्ये आणणारं साधन मिळालं. बरं चालतं, फक्त ‘दुसऱ्या’चं सरसकट ‘दुसर्या’ करतं. मी हुशारी केली: सगळीकडे ‘र्य’ शोधून ‘ऱ्य’ घाल. ‘दुसऱ्या’ सुधारलं, पण ‘कार्य’चं ‘काऱ्य’ झालं आणि ‘सूर्य’चा ‘सूऱ्य’. एका लेखात अकरा वेळा. आता एकेक शब्द हाताने तपासतेय.

भाचीचा निरोप: ‘मावशी, टाकलंस का मिंट?’

पेनड्राइव्ह खणात आहे. नऊ फायली झाल्या, दहावी चालू आहे, असं कळवलं.