पावसात घरी अडकलेली पोरं आणि स्वयंपाकघरातलं सामान

जूनमध्ये पाऊस लागला की खानापूरकडे लहान पोरांचं अंगणातलं खेळणं जवळजवळ गणपतीपर्यंत बंद. महागडं खेळण्यांचं किट मागवण्याआधी स्वयंपाकघरात नजर टाका. खेळ फसतो तो बहुतेक वेळा भांडं चुकल्यामुळे, नाहीतर सामान जास्त दिल्यामुळे.

खोल परात घ्या, खाली जुनी चादर अंथरा. परातीत अर्धा किलो जोंधळे (ज्वारी), दोन वाट्या, एक पेला. दीड वर्षाचं पोर नुसत्या मुठी भरून सोडतं. त्याला ओतायला शिकवू नका, मुठी भरू द्या. दोनच्या पुढे ते आपणहून वाटीतून वाटीत ओतायला लागतं. दोन किलो जोंधळे ओतून ठेवलेत तर मात्र उधळण सुरू होते, कारण इतक्या ढिगात वाटी भरली काय न् रिकामी केली काय, फरकच दिसत नाही. पाण्याकडे नंतर वळा. दाणे हळू पडतात, पाणी एकदम येतं. रुंद तोंडाच्या तांब्याऐवजी चोच असलेलं छोटं भांडं द्या, पाणी अर्ध्या पेल्यापेक्षा जास्त नको. खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाका. भरलेली बादली आणि एकटं पोर, हे कधीच नको.

तीन वर्षांखालच्या पोराला शेंगदाणे, हरभरे, राजमा खेळायला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. अजून सगळं तोंडात घालत असेल तर जोंधळेही नकोत, शिजवून गार केलेला भात द्या. चिकट होतो, पण बोटांना काम भरपूर मिळतं.

आता पीठ. सगळ्यात जास्त खेळ याच्यात आहे. एक वाटी कणकेला अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी पाणी, चमचाभर तेल, मळून वीस मिनिटं झाकून ठेवा. न मुरलेली कणीक बोटांना चिकटते आणि पोर हात झटकून उठून जातं. शेजारी जोंधळ्याच्या पिठाचा गोळा ठेवा. तो मोठ्यांनीच उकळत्या पाण्यात भिजवायचा, कोमट झाला की द्यायचा. ग्लूटेन, म्हणजे पीठ ताणू देणारं चिवट प्रथिन, गव्हात असतं, जोंधळ्यात नसतं. म्हणून कणीक ताणली जाते, हा मात्र तडकतो. गार पाण्यात भिजवलात तर लगेच भुगा होतो. दोन्ही गोळे हातात आले की पोर स्वतःच ओढून, दाबून बघतं. तळव्याने थापणं, बोटांच्या टोकांनी बोराएवढ्या गोळ्या वळणं, लांब साप करणं, ही तिन्ही कामं वेगळ्या स्नायूंची आहेत. टेबलापेक्षा जमिनीवरचा पाट बरा, कारण वाकून अंगाचा भार टाकता येतो.

इंटरनेटवरच्या कृतींत मैद्यात अर्धी वाटी मीठ असतं. त्याने गोळा टिकतो खरा, पण पोराने तो खाल्ला तर मिठाचा त्रास होऊ शकतो. घास घेणाऱ्या पोराला हा गोळा नकोच. कच्ची कणीकही खाऊ देऊ नका. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दिवसांत बाजारात मातीचे बैल येतात, तेव्हा कुंभाराकडून मूठभर माती मागून आणा. पिठापेक्षा ती कडक असल्याने बोटांना जोर लावावा लागतो.

तिसऱ्या वर्षी कपड्यांचे चिमटे. खोक्याच्या कडेला लावायचे, काढायचे. नवा चिमटा कडक असतो, मग पोर दोन्ही हातांनी दाबतं आणि अंगठ्याचं काम राहूनच जातं. स्प्रिंग ढिली झालेले जुने चिमटे शोधा.

हातांबरोबर अंगालाही काम हवं. किलोभर साखरेची पिशवी स्वयंपाकघरातून सोप्यात (पुढच्या खोलीत) नेणं, फरशीवरच्या खडूच्या रेघेवरून चालणं, चार वर्षांनंतर लंगडी. आणि त्याच वयात गजगे (सागरगोटे). एक वर उडवून खालचा उचलायचा म्हणजे डोळा आणि हात एकदम कामाला लागतात. सुरुवातीला दोनच द्या, पाच दिलेत तर हात पुरत नाही आणि पोर चिडतं.